पायाचा भरोसा

सुखदेव नेवारे आमच्या क्लबात गोल्फ शिकवायचा, पण ग्रीनवर पाय ठेवायचा नाही. गोल्फ न पाहिलेल्यांसाठी सांगतो, ग्रीन म्हणजे ज्या भोकात शेवटी चेंडू घालायचा असतो, त्याच्याभोवतीची बारीक कापलेली हिरवळ. सगळा खेळ तिथं येऊन संपतो. शिकवणाऱ्यानं शिष्याला पार लांबून बोट धरून तिथवर आणायचं आणि स्वतः काठावर थांबायचं, म्हणजे स्वयंपाक शिकवणाऱ्या बाईनं चुलीपाशी न जाण्यासारखंच झालं. नवे सभासद विचारायचे, जुने हसायचे. सुखदेव टोपी मागं सारून म्हणायचा, "तुमी चला साहेब. मी इथून पाहून राहिलो."

मी त्या क्लबाच्या ऑफिसात एकतीस वर्षं कारकून होतो. आडनाव मोहरील. आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या लिहिण्याचंच काम. भोसल्यांच्या दफ्तरात लिहिलं, मग इंग्रजाच्या, मग क्लबाच्या. गोल्फची काठी मी आयुष्यात एकदाच हातात धरली, तीही कपाटावरची पाल हाकलायला. तरीही सुखदेवबद्दल माझ्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत नाही. ते माहीत नसतं तर बरं झालं असतं, असं मला अलीकडे फार वाटतं.

तो रामटेककडचा. धानाची थोडी शेती भावांत वाटून संपली तेव्हा नागपुरात आला आणि क्लबात ब्राउनवर लागला. आज लोकांना ब्राउन म्हणजे काय ते सांगावं लागतं. आमच्याकडे पाण्याची मारामार, गवताचं ग्रीन जगणार कसं? म्हणून भोकाभोवती बारीक रेती पसरायची, तिच्यात गाड्यांचं जळकं तेल कालवायचं आणि दाबून सपाट करायची. हे तेल सुखदेव शहराबाहेरच्या वाडीतल्या ट्रकवाल्यांच्या गॅरेजांतून पिंपात भरून सायकलवर आणायचा. त्याच्या पॅंटच्या काठाला त्या तेलाची काळी किनार होती. बायकोनं किती घासली तरी ती जायची नाही.

ब्राउनवर माणूस चालला की बूट उमटतो. म्हणून चेंडू मारायच्या आधी भोकापर्यंतची वाट सारखी करून घ्यायची, असा तिथला रिवाज. एका दांड्याला आडवी फळी, फळीला पोतं गुंडाळलेलं, ते ओढायचं. दांडा लांब पडला असेल तर बुटाचा तळवा फिरवायचा. सगळेच फिरवायचे. सुखदेवनं तर बारा वर्षं दिवसभर तेच केलं होतं. पोतं ओढता ओढता तो खेळायला शिकला आणि पुढं क्लबाचा प्रो झाला, म्हणजे पगारी शिकवणारा खेळाडू.

त्याला पावलं मोजायची खोड होती. माझ्या टेबलापासून नळापर्यंत एकवीस, नळापासून फाटकापर्यंत एकशे चार. बोलता बोलताही मनात मोजणं चालू असायचं आणि मधेच कुणी हाक मारली तर तो परत जाऊन पहिल्यापासून चालायचा. मे महिन्यात डोक्याला ओला दुपट्टा आणि खिशात कांदा. तो कांदा संध्याकाळी घरी गेल्यावर भाजीत पडायचा, असं त्याची बायको मला हसत सांगायची. बाई गेल्या आता.

त्याचं एक वाक्य होतं, "गेंद पडली तेथूनच खेळा लागते." चेंडू चिखलात पडो नाहीतर झाडाच्या मुळाशी, हलवायचा नाही, हा खेळाचा कायदा. सुखदेव तो सगळीकडे लावायचा. माझ्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा क्लबातली माणसं मला टाळत होती. सुखदेव खिडकीशी आला, एवढंच वाक्य बोलला आणि निघून गेला. मला त्या वेळी त्याचा रागच आला होता.

या खेळात फटके जितके कमी तितका खेळाडू मोठा, आणि आपले फटके आपणच प्रामाणिकपणे सांगायचे असतात. म्हणजे सभासदांची परीक्षाच. एक बडे अधिकारी झाडीत बराच वेळ खुडबुड करून बाहेर आले आणि म्हणाले, "पाच झाले ना रे सुखदेव?" सुखदेव म्हणाला, "पाच मी पाह्यले साहेब. दोन झाडानं पाह्यले." साहेब महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत. मग आले आणि शिकायचं तर याच्याकडूनच म्हणून बसले. हा किस्सा क्लबात पुढं अनेक वर्षं चालला. सांगताना लोक हसायचे, पण सुखदेव स्वतः कधी हसला नाही. त्याच्या मते त्यात हसण्यासारखं काही नव्हतंच.

एका कंपनीचा पाहुणा म्हणून एकदा एक इंग्रज आला, हॅरी नावाचा. पिकलेले केस, उन्हानं सोललेलं नाक. उमेदीच्या काळात तिकडे धंदेवाईक खेळाडू होता. पहिल्याच ब्राउनवर त्याला हातभर अंतरासाठी चार फटके लागले, तेव्हा तो गुडघ्यावर बसला, रेतीत बोट घालून वास घेतला आणि मोठ्यानं हसला. सुखदेवनं त्याला पोतं ओढून दाखवलं. दिवसअखेर सुखदेव जिंकला. त्यात नवल नव्हतं, घरचं अंगण होतं. पण हॅरीनं मला बोलावून घेतलं आणि म्हणाला, "याला सांगा, मी बावीस वर्षं या खेळावर घर चालवलं आणि एकही स्पर्धा जिंकलो नाही. जिंकावं लागत नाही. कार्ड मिळवावं लागतं. याचे हात माझ्यापेक्षा चांगले आहेत."

मी मराठीत सांगितलं. कार्ड म्हणजे वर्षभर देशातल्या सगळ्या मोठ्या स्पर्धांत खेळायचा परवाना. त्यासाठी वर्षातून एकदा चार दिवसांची चाचणी होते. सुखदेवनं ते सगळं ऐकलं आणि विचारलं, "हात म्हणला का तो? हातच म्हणला?" मी हो म्हटलं. घरी जाताना सायकलवर बसण्याआधी त्यानं पुन्हा एकदा विचारून घेतलं.

तेव्हा तो अडतीस वर्षांचा होता. त्यानं ठरवलं की हीच वेळ. फॉर्म मी भरला. नियमांचं पुस्तक इंग्रजीत, जाडजूड. दुपारी क्लबात सामसूम झाली की मी वाचायचो, मराठीत समजावायचो आणि तो माझ्यासमोर स्टुलावर बसून मान हलवायचा. पंधरा दिवस हे चाललं. ग्रीनवरच्या नियमांचं प्रकरण आलं त्या दिवशी मला लकडगंजला साडूकडे जेवायला जायचं होतं. मी पानं चाळली आणि म्हणालो, "हे पटिंगचं आहे सुखदेवभाऊ. भोकाजवळचे हलके फटके. यात तुम्हाला कोण काय शिकवणार?" तो उलटणाऱ्या पानांकडे पाहत होता. मी पुस्तक मिटलं. साडूकडे पुरणपोळी होती, एवढं मला अजून आठवतं.

चाचणी बंगळुरूला होती. त्याला इंग्रजी येत नव्हतं म्हणून मी रजा काढून सोबत गेलो. तिथली हिरवी ग्रीन पाहून पहिल्या दिवशी तो बुजला, दुसऱ्या दिवसापासून हात बसला. दोरीच्या बाहेरून मी पाहत होतो. मला खेळातलं कळत नव्हतं, पण फळ्यावरचं नाव वर सरकताना कळत होतं. पहिल्या तिसांना कार्ड. चौथ्या दिवशी शेवटचं भोक संपलं तेव्हा सुखदेव आत होता, आणि वर एक फटका हातात होता.

तो दोरीपाशी आला. चेहऱ्यावर घाम, आणि मी कधी न पाहिलेलं एक लाजरं हसू. म्हणाला, "बाबू, तो माह्यासोबतचा पोट्टा शेवटी पंचाले काय विचारून राहिला होता?"

मी आनंदात होतो. म्हणालो, "त्याच्या वाटेत कुणाच्या तरी बुटाची खूण होती. पुसू का, विचारत होता. पंच म्हणाला, ग्रीनवर बुटाच्या खुणेला हात लावायचा नाही. पुसली तर दोन फटके दंड."

सुखदेवचं हसू तसंच राहिलं आणि डोळे बदलले. "सोळाव्यावर मी पुसली," तो म्हणाला. "दोन निशान होते लायनीत. पाय फिरवला. मले आठोतही नोतं, आता तुमी सांगतलं तवा आठोलं."

मला तेव्हा कळलं की मिटलेल्या पुस्तकात काय राहून गेलं होतं.

"कुणी पाहिलं?" मी विचारलं.

"नाही. सोबतचे दोघं दुसऱ्या बाजूनं होते."

"मग सही करा अन् चला," मी म्हणालो. हे मी म्हणालो. नंतर अनेक वर्षं मी स्वतःला समजावलं की मी घाबरून बोललो. पण खरं सांगायचं तर मी विचार करूनच बोललो होतो.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. चुकीची काठी हातात दिल्यावर जसं पाहायचा, तसं. "माह्याच्यानं इंग्रजी बोलणं होत नाही. तुमी सांगून द्या त्याले," तो म्हणाला.

तंबूत एक म्हातारे अधिकारी बसले होते. या खेळात सोबतचा खेळाडू आपले फटके कागदावर लिहितो आणि आपण सही करतो. सही केली की झालं. त्या सोबतच्या मुलाला विचारलं, त्यानं खांदे उडवले, आपण काही पाहिलं नाही म्हणाला. अधिकाऱ्यांनी मला विचारलं, "यांची खात्री आहे का? वाळलेलं पान काढलं असेल, कचरा झटकला असेल. तो चालतो." मी एवढंच म्हणायला हवं होतं की हो, कचरा झटकला. सुखदेवला इंग्रजी कळत नव्हतं, पण तो माझ्या तोंडाकडे पाहत होता. मी खरं ते सांगितलं. अधिकाऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि सोळाव्या भोकापुढचा आकडा दोननं वाढवला. सुखदेवनं सही केली, त्यांना नमस्कार केला आणि बाहेर आला. एका फटक्यानं तो बाहेर होता.

परतीच्या गाडीत तो खिडकीशी बसून राहिला. वर्धा आलं तेव्हा एकदाच बोलला. "घरी मीच सांगतो, बाबू. तुमी काई बोलू नोका."

पुढच्या वर्षी मी फॉर्म मागवला, भरला, सहीची जागा दाखवली. त्यानं तो घडी करून मला परत दिला. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. मी म्हटलं, "तुमचे हात तर तसेच आहेत."

"हाताचं काई नाही बाबू. पायाचा भरोसा नाही राह्यला. माह्या डोक्याले न विचारता तो फिरला ना. उद्या पुन्हा फिरंन, अन् मले मालूमही पडणार नाही. मंग?"

काही वर्षांनी क्लबात बोअरवेल झाल्या, ब्राउन उखडले आणि हिरवी ग्रीन आली. त्या दिवसापासून सुखदेव काठावर थांबू लागला. एका डॉक्टरीणबाईंनी त्याला छेडलं होतं. "सुखदेवजी, सगळं शिकवता आणि पटच शिकवत नाही, हे काय?" त्यानं बूट काढले, मोजे आत खोचले आणि अनवाणी, ग्रीनच्या काठाच्या बाहेरूनच, अठरा पावलांवरून चेंडू ढकलला. चेंडू भोकात गेला. बाईंनी टाळ्या वाजवल्या तोवर हा खाली बसून नाड्या बांधत होता. बाई नंतर माझ्या खिडकीशी आल्या. "काय आहे हो यांचं?" मी म्हणालो, "सवय आहे." खरं सांगायला मला तोंड नव्हतं.

बंगळुरूची गोष्ट अर्धीमुर्धी क्लबात पसरली होतीच. काही लोक त्याला येडा म्हणत, बहुतेक जण मात्र मान देत. तो निवृत्त झाला त्या दिवशी व्हरांड्यात सत्कार झाला. प्रामाणिकपणावर भाषणं झाली. तो मान खाली घालून ऐकत होता. मानपत्र मीच टाइप केलं होतं. सगळे पांगल्यावर आम्ही दोघं पायरीवर बसलो. शाल घडी करत तो म्हणाला, "कार्ड नाही भेटलं, बाबू. पण सुखदेवनं लपवलं असं कोणी म्हणू नाही शकत. एवढं तं माह्याजवळ हाय. आता जगायले तेवढं पुरते." आणि मला वाटलं, खरंच पुरत असेल. नंतर तो रामटेकच्या पुढं आपल्या गावी राहायला गेला.

गेल्या वर्षी पेन्शनच्या एका कागदासाठी मी क्लबात गेलो. साहेब यायचे होते म्हणून बसलो होतो. टेबलावर नियमांचं नवं पुस्तक होतं, छोटंसं, चित्रांचं. मी सहज चाळलं. आता ग्रीनवरच्या बुटांच्या खुणा खेळण्याआधी सारख्या करता येतात. दंड नाही. काही वर्षांपूर्वीच नियम बदलला होता. मी ते तीन वेळा वाचलं. माझा कागद राहिला तिथंच. पुस्तक मागून घेतलं आणि दोन दिवसांनी रामटेकची बस धरली.

बसमध्ये मी फार खूश होतो. छातीवरचं ओझं इतक्या वर्षांनी कुणीतरी उचलल्यासारखं वाटत होतं. मनात मी वाक्यं जुळवत होतो. तुमची चूक नव्हतीच सुखदेवभाऊ, नियमच वेडा होता, आता त्यांनाही कळलं.

धानाची कापणी चालू होती. सुखदेव अंगणात खाटेवर बसला होता. गुडघे सुजून एवढाले झालेले, दोन्ही हातांनी पाय उचलून खाली ठेवावे लागत. मला पाहून मात्र तोंड भरून हसला. "या बाबू. मंदा, बाबूसाठी चाय मांड वं." सून आत गेली. इकडचं तिकडचं झालं. मग मी पुस्तक काढलं, ते पान उघडलं, इंग्रजीत वाचलं, मराठीत सांगितलं.

"अजून एकदा वाचा," तो म्हणाला. मी वाचलं.

"म्हणजे आता पोट्टे बूट घासतात अन् काई होत नाही?"

"नाही."

"मंग ते चूक नोती?"

"तेव्हा होती. आता नाही."

"असं कसं बाबू? चूक तं चूक असते. तवा अन् आता असं असते का?" त्याचा आवाज चढला नाही. तो अंगणातल्या पेंढ्यांकडे पाहत होता. "लोकं म्हणत, येडा हाय सुखदेव, कोणी पाह्यलं नोतं. मी म्हणो, मी पाह्यलं ना. त्याच्यावर निभावलं मी. तुमी आता म्हणता त्यात पाहासारखं काईच नोतं. मंग मी काहून सांगतलं तंबूत जाऊन? कशासाठी?"

मी काहीतरी बोललो. प्रामाणिकपणा वगैरे, मानपत्रातलं. मला माझंच ऐकवेना. मग जे इतकी वर्षं बोललो नव्हतो ते बोलून गेलो. "ते प्रकरण मी वाचून दाखवलं नव्हतं, सुखदेवभाऊ. मला जेवायला जायची घाई होती."

"मले मालूम हाय," तो म्हणाला. "तुमी पानं उलटवली तवाच दिसलं मले. मी बोललो का कधी?"

सूनबाईनं चहा आणून ठेवला. तो त्यानं घेतला नाही.

"मंग हे आता काहून आनलं तुमी?" त्यानं विचारलं. टोमणा मारायला नाही, त्याला खरोखरच उत्तर हवं होतं. पण माझ्याकडे एकच उत्तर होतं. मी त्याच्यासाठी आलो नव्हतो. मला मोकळं व्हायचं होतं.

निघताना त्यानं सुनेला सांगितलं, "बाबूले बसपर्यंत सोडून ये." वळणावर मी मागं पाहिलं. तो खाटेवरच होता, पण आता भिंतीकडे तोंड करून बसला होता. पाय उचलून फिरवायला त्याला किती त्रास झाला असेल, हे वाटेत माझ्या लक्षात आलं.

त्यानंतर मी दर पंधरा दिवसांनी फोन करतो. सून उचलते. थोडा वेळ फोनवर हात ठेवून कुणाशी तरी बोलते आणि मग सांगते, "बाबा वावरात गेले हाये, काका. आले का सांगतो." ते गुडघे मी पाहिले आहेत, ते शेतापर्यंत पोचणारे नाहीत. त्या घरातून खोटं बोललं जातं आणि तो बाजूला बसून बोलू देतो. मी बरं म्हणतो आणि फोन ठेवतो.